वाट अडवणारा प्राणी

गेल्या भागात आपण गिझाला होतो. इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास जागच्या चुनखडीतच कोरलेला, ७३ मीटर लांबीचा तो स्फिंक्स, धड सिंहाचे आणि मुख राजाचे. तो कोणाला काही विचारत नाही. प्रश्न विचारणारा स्फिंक्स ग्रीकांचा. त्यांच्याकडे तो स्त्रीरूप झाला, त्याला पंख फुटले, आणि थीब्ज नगराच्या वाटेवर बसून ही स्फिंक्स वाटसरूंना कोडे घालू लागली. सकाळी चार, दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन पायांवर चालणारा प्राणी कोणता? ज्याला सांगता आले नाही, त्याला तिने खाल्ले. इडिपसने उत्तर दिले, ‘माणूस’, आणि तिने स्वतःला कड्यावरून झोकून दिले.

महाराष्ट्रात दारावरची राखण शरभ या कल्पित पशूकडे आली. महाडहून रायगडावर जाणाऱ्याने दरवाजावरच्या शिल्पांकडे मान वर करून पाहावे. शरभाला माणसाचा चेहरा नाही, म्हणून त्याला स्फिंक्सचा सख्खा भाऊ म्हणता येणार नाही. पण काम तेच. जंजिऱ्याच्या दरवाजावर असाच एक प्राणी पंजांत हत्ती दाबून उभा आहे. आत येणाऱ्याने धन्याचे बळ ओळखावे, हा त्याचा अर्थ.

शैव पुराणांत शरभ हे शिवाचे रूप, नृसिंहाचा अनावर क्रोध शमवणारे. आणि नृसिंह तर स्फिंक्सची उलटी बाजू, धड माणसाचे नि डोके सिंहाचे. हिरण्यकशिपूला त्याने मारले ते घरात नाही, बाहेरही नाही, उंबरठ्यावर. मारणारा पुरता माणूस नव्हता, पुरता पशूही नव्हता. मला ही कथा फार मोठी वाटते. माणूस आणि पशू यांच्यामधली रेघ कुठे ओढायची हा प्रश्न तिनेही उंबरठ्यावरच आणून ठेवला आहे.

हा प्रश्न मनात घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेलो, तर पायऱ्यांशी पाय अडखळतो. इथे दगडी शरभ नव्हता; वाट अडवायला रूढी बसली होती. गुरेढोरे तळ्यावर पाणी पीत, अस्पृश्य म्हटलेल्या माणसांनी मात्र तिथे ओंजळ बुडवायची नाही. मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर केला होता, महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर वाट मोकळी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेतल्या हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर हे लोक मंदिरात शिरणार अशी अफवा उठवून त्यांना मारहाण झाली, आणि पंचगव्य घालून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. जनावरांच्या तोंडाने जे पाणी बाटले नव्हते, ते माणसाच्या ओंजळीने बाटले, असे ठरवून.

त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की या पाण्याने कोणी अमर होणार नाही. इतरांसारखीच आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करायला आपण तळ्यावर जातो. थीब्जच्या वाटेवर एकट्या इडिपसने दिलेले उत्तर महाडमध्ये हजारोंनी पायी चालत दिले.

ग्रीक कथेत उत्तर मिळताच राखणदार संपतो. महाडला तसे झाले नाही. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले आणि जवळजवळ दहा वर्षे चालले. तळे खासगी आहे, आणि अस्पृश्यांना मनाई ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. अनादि म्हणवणारी ती वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नव्हती.

पुढच्या भागात तमिळ मंदिरांतला पुरुषमृग. त्याला माणसाचे मुख आहे, आणि तिथल्या दारांवर तो अजून पुजला जातो.