गाळाचे तीन हिशेब

नैसर्गिक संपत्तीचें शिक्षण म्हणजे वृक्ष, प्राणी व खनिजें यांची नांवें पाठ करणें, असा पुष्कळांचा समज असतो. श्रोतेहो, तो किती अपुरा आहे हें पाहण्यास निफाड तालुक्यांतील नांदूर-मध्यमेश्वरास जावें. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा घातला गेला, तो शेतीच्या पाण्यासाठीं. अडलेल्या पाण्याचा वेग मंदावला, कीं त्यानें वाहून आणलेली माती तळाशीं बसते. येथेंही तसेंच झालें. गाळ सांचून जलाशय उथळ झाला, बेटें तयार झालीं, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी उतरूं लागले. १९८६ सालीं तेथें अभयारण्य झालें. २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून त्याचें नांव जाहीर झालें.

म्हणजे जो गाळ पाटबंधाऱ्याच्या वहींत तोटा, तोच पक्ष्यांच्या खातीं जमा. आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्याची तर ती गेलेली जमीनच! मग गाळ काढावा कीं राहूं द्यावा? याचें उत्तर कोणत्याही एका शास्त्राजवळ नाहीं. माती, पाणी, पीक व पक्षी यांचा एकत्र विचार करावयास शिकविणें हें विद्यापीठाचें काम होय. नाशकांत १९८९ सालीं स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळें शेतकऱ्यास शेती न सोडतां कृषिशिक्षण घेतां येतें. असा विद्यार्थी आपल्या बांधावर माती अडवील, तर खालच्या जलाशयाचा प्रश्न तितकाच हलका होईल.