जर्मनीत कॅमेरा दिसला की लोक चेहऱ्यासमोर हात का धरतात?

पुण्यात गळ्यात कॅमेरा दिसला की लोक स्वतःहून म्हणतात, 'आमचाही एक काढा ना!' तोच हौशी फोटोग्राफर नोकरीसाठी जर्मनीला गेला, की आठवडी बाजारात कुणीतरी चेहऱ्यासमोर हात धरतं, फोटो डिलीट करायला सांगतं. वाईट वाटतंच. पण हा तुसडेपणा नाही, यामागे एक जुना कायदा आहे.

१८९८ मध्ये जर्मनीचे माजी चॅन्सेलर बिस्मार्क वारले. त्याच रात्री दोन फोटोग्राफर चोरून त्यांच्या खोलीत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढला. विकायला! प्रकरण कोर्टात गाजलं. पण माणसाचा स्वतःच्या छायाचित्रावर हक्क असतो, असं सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता. तो १९०७ मध्ये आला आणि त्यातला हा भाग आजही लागू आहे.

त्यानुसार, ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. इन्स्टाग्रामवर टाकणं हेही प्रसिद्ध करणंच. शिक्षा दंडाची किंवा एक वर्षापर्यंत कैदेची.

अपवाद आहेत. कोलोनच्या कॅथेड्रलच्या फोटोत ओघाने आलेली माणसं चालतात, मिरवणूक आणि मोर्चाही चालतो. म्हणजे तिथल्या गणपतीच्या मिरवणुकीचा फोटो बिनधास्त टाका, पण ढोल वाजवणाऱ्या एकाच मुलीचा क्लोजअप असेल तर तिला विचारलेलं बरं. लहान मुलं असतील तर त्यांच्या आईवडिलांना.

विचारायला दोनच शब्द पुरतात, 'दार्फ इश?' म्हणजे 'काढू का?' आणि फोटो कुठे टाकणार, तेही तेव्हाच सांगून टाकायचं.