तोफगोळा आणि भिंतीची पाठ

धाराशिव जिल्ह्यांतील परांड्याच्या किल्ल्याचा दुहेरी तट पाहून आमच्या मनांत आलें : १६३२ सालीं येथून विजापुरास नेलेली ‘मलिक-ए-मैदान’ तोफ ह्याच तटावर डागली असती तर? आतां त्यासाठीं तट फोडावयास नको. संगणकांत भिंतीचे सहस्रावधि बारीक भाग कल्पून प्रत्येकावरील ताण क्षणाक्षणास गणितानें काढतां येतो. त्यांत नवल असें कीं, आघाताची दाबलाट दगडांतून पलीकडे जाते व मोकळ्या पाठीवरून ओढ होऊन परतते. दाब सोसणारा दगड ओढीस मात्र दुबळा. म्हणून भिंत पातळ असल्यास खपली उडते ती आंतून, आडोशास उभ्या असलेल्या शिपायाच्याच अंगावर! पाठीशीं मातीचा भराव असेल तर ती तेथेंच अडते. मात्र ह्या गणितास लागणारे दगडाच्या बळाचे आंकडे प्रयोगशाळेंत त्याच जातीचा खरा दगड फोडूनच मिळवावे लागतात.