फुगलेला कपॅसिटर आणि बंद पडलेला मॉनिटर

वसतिगृहांसाठी आपल्याकडे ज्या वस्तू येतात त्यांत हल्ली जुने एलसीडी मॉनिटर बरेच असतात. कोणाच्या ऑफिसात नवे संगणक आले, कोणाच्या घरी लॅपटॉप आला, की माळ्यावर ठेवलेला मॉनिटर मिशनकडे पाठवला जातो. काही चालू असतात, काही बंद. बंद मॉनिटरबरोबर बहुतेक वेळा एक वाक्यही येते : “थोडंसंच काहीतरी बिघडलंय.” हे वाक्य पुष्कळदा खरे निघते. पण ते कधी खरे असते आणि कधी नसते हे देणाऱ्यालाच ओळखता आले, तर बराच खटाटोप वाचेल.

आता सगळ्यांच्या हातात मोबाईल असताना मॉनिटर हवाच कशाला, असेही काही जण विचारतात. उत्तर सरळ आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो, जात पडताळणीचा अर्जही ऑनलाइन असतो, आणि मोबाईलच्या वीतभर पडद्यावर दाखले जोडताना एक चूक झाली की अर्ज परत येतो. मग पाड्यावरून तालुक्याला जायचे, म्हणजे आईबापांपैकी एकाची दिवसाची मजुरी बुडाली. शासकीय टंकलेखन परीक्षा तर आता संगणकावरच होते. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द लागतो. तो वेग मोबाईलवर अंगठे चालवून येत नाही. त्यासाठी कळफलक आणि समोर पडदा लागतो, आणि तोही रोज.

कपॅसिटर आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त वेगळ्या नावाने. पंखा हळू फिरायला लागला की “कंडेन्सर गेला” म्हणतो, तोच हा. त्याचे काम विजेचा थोडा साठा करून लागेल तसा सोडणे. पाणी थांबून थांबून येत असले तरी वरच्या टाकीमुळे नळाची धार एकसारखी राहते, तसेच. मॉनिटरमधल्या कपॅसिटरच्या गोल डबीत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची गुंडाळी असते आणि मध्ये एका द्रावणाने भिजवलेला कागद. द्रावण सुकले की साठवण्याची ताकद कमी होते, धार तुटक होते आणि मॉनिटर बंद पडतो.

द्रावण सुकते ते मुख्यतः उष्णतेने. डबीवर १०५ अंश असे छापलेले असते. साधारण प्रतीचा कपॅसिटर त्या तापमानाला २,००० तास टिकेल असे धरतात. तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणजे ८५ अंशांना ८,००० तास, ६५ अंशांना ३२,००० तास. रोज आठ तास चालणाऱ्या मॉनिटरला ८,००० तास म्हणजे हजारच दिवस. गरम पट्टीला चिकटून बसवलेला कपॅसिटर आधी जातो आणि चार बोटे लांबचा धडधाकट राहतो, त्याचे कारण हेच. (मॉनिटरवर विणलेला रुमाल घालायची आपल्याकडे हौस आहे. बंद असताना खुशाल घाला, पण चालू करताना काढा. मागच्या फटी हवेसाठी आहेत.)

या शतकाच्या सुरुवातीच्या वस्तूंना आणखी एक शाप होता. साधारण १९९९ पासून पुढची सात-आठ वर्षे, मुख्यतः तैवानमधल्या काही कारखान्यांच्या कपॅसिटरमध्ये सदोष द्रावण वापरले गेले. ते आतल्या ॲल्युमिनियमशी झटून वायू तयार करी. वायूने डबीचे डोके फुगे, कधी फुटून तपकिरी रस बाहेर येई. ते भाग जगभरच्या संगणकांत बसले होते. त्या काळातला १७ इंची, जवळजवळ चौकोनी मॉनिटर आपल्याकडे आला की मी तर उघडण्याआधीच कपॅसिटर गेला असे धरून चालतो, आणि बहुधा तोच गेलेला असतो.

बाहेरून ओळखायचे कसे? पुण्यात डिसेंबरच्या सकाळी मॉनिटर चालू व्हायला वेळ घेतो, दोन-तीनदा बटण दाबावे लागते, पण एकदा तापला की दिवसभर ठीक चालतो, ही कपॅसिटर सुकल्याची जुनी खूण. हिरवा दिवा लुकलुकत राहणे, हीही त्यातलीच. चित्र दोन सेकंद दिसून पडदा काळा होत असेल, तर बॅटरीचा झोत पडद्यावर तिरका टाकून पाहावा. आत अंधुक चित्र दिसले तर मागचा उजेड गेला आहे. तो कपॅसिटरमुळे जाऊ शकतो, आतल्या बारीक ट्यूबमुळेही. पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा असतील किंवा काच तडकली असेल, तर मात्र कपॅसिटरचा काही संबंध नाही. तो पडदाच गेला आणि तो दुरुस्त होत नाही.

दुरुस्ती तशी अर्ध्या तासाची आहे. पण त्याआधी एक गोष्ट फार महत्त्वाची. पॉवर सप्लायच्या बोर्डवर एक मोठा कपॅसिटर असतो, ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेला. आपल्या घरची २३० व्होल्टची वीज त्यात सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठते आणि वायर काढल्यावरही राहू शकते. म्हणून मॉनिटर काढून रात्रभर ठेवावा, आणि तरीही मल्टिमीटर लावून पाहिल्याशिवाय आत बोट घालू नये. ज्याने हे काम कधी केले नाही त्याने घरी प्रयोग करू नयेत. मुलांना तर जाणत्या माणसाशिवाय मुळीच हात लावू देऊ नये.

पुढचे काम सोपे. सपाट डोक्याचा तो चांगला, घुमटासारखा वर आलेला तो गेला. काढण्याआधी फोटो घ्यावा, कारण कपॅसिटरला दिशा असते. डबीवर पट्टा आहे ती बाजू ऋण. उलटा बसवला तर फुटतो. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, १०५ अंशांचा, आणि “लो ईएसआर” असे आवर्जून सांगून घ्यावा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हे सगळे मिळते. बहुतेक भाग पाच-दहा रुपयांपासून वीस-पंचवीस रुपयांपर्यंतचे असतात. एक फुगला असेल तरी त्या रांगेतले सगळे बदलावेत. ते एकाच वयाचे असतात आणि वरून सपाट दिसणाराही आतून सुकलेला असू शकतो. जुना डाग वितळवून कपॅसिटर काढायचा, नवा बसवायचा, डाग द्यायचा, पाय कापायचे.

वसतिगृहातली मोठी मुले-मुली हे काम शिकू शकतात. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड आहेच, त्याची ही पहिली पायरी समजा. केडगावला मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या बायबल भाषांतराचे खिळे तिथल्या स्त्रियांनीच जुळवले आणि छापलेही. हातात कसब देणे हे आपल्या सेवेला काही नवे नाही.

आता थोडे स्पष्ट बोलतो. तडकलेल्या पडद्याचा मॉनिटर दान म्हणून पाठवू नये. मलाखीने लंगड्या आणि आजारी पशूंच्या अर्पणाबद्दल याजकांना काय सुनावले ते आपल्याला ठाऊक आहे. त्या मॉनिटरची ने-आण आपल्याच देणग्यांतून होते आणि शेवटी तो ई-कचराच ठरतो. जुन्या मॉनिटरच्या ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून तो पाड्याजवळच्या ओढ्याकाठी पडलेला तर चालणारच नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवा. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते, त्यांच्याकडे द्यावा.

बाकी सगळे मॉनिटर आम्हांला हवे आहेत, बंद असले तरी. सोबत विजेची वायर आणि संगणकाला जोडायची निळ्या टोकाची वायर पाठवावी. काही मॉनिटरना बाहेरचा ॲडॉप्टर असतो, तो तर विसरू नये, कारण त्याच व्होल्टचा दुसरा शोधण्यात मॉनिटर दुरुस्त करण्याहून जास्त वेळ जातो. आणि मागे एक चिठ्ठी चिकटवावी : कधीपासून बंद आहे, बंद पडण्याआधी काय होत होते, दिवा लागतो की नाही.