रापणीला हात लावा!

मित्रांनो, मालवणला गेलात की सगळे तुम्हांला सिंधुदुर्ग किल्ला पाहायला नेतील. बंदरावरून होडी सुटते आणि थोड्याच वेळात, शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला तो जलदुर्ग समोर उभा राहतो. पण आज आपण जरा उलटं करायचं, बरं का! होडीत बसायचं, किल्ल्याकडे पाठ करायची आणि किनाऱ्याकडे बघायचं. माडांखाली ती दांडीची वाळू दिसते ना? आजची आपली सफर तिच्यासाठी आहे.

वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या पाहा. काहींच्या एका बाजूला, आडव्या दांड्यांना बांधलेला लांब ओंडका दिसेल. ही उलांडी. लाटेवर होडी कलंडू नये म्हणून ती असते. तुम्ही सायकल शिकताना मागे जादा चाकं लावली होती की नाही? तसंच हे!

आणि तो जाळ्याचा भलामोठा ढीग? ती रापण. गाबीत मच्छीमारांची ही जुनी पद्धत. माशांचा थवा किनाऱ्याजवळ आला, की पाण्याचा रंग बदलतो, वर पक्षी घिरट्या घालू लागतात. जाणत्या डोळ्यांना ते लगेच कळतं. मग जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरची माणसं धरून ठेवतात. उरलेलं जाळं घेऊन होडी समुद्रात शिरते, जाळं सोडत सोडत अर्धगोल वळसा घालते आणि दुसरं टोक घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. जाळ्याची वरची कड तरंगते, खालची कड वजनामुळे तळाला टेकते. पाण्यात भिंतच उभी राहते म्हणा ना!

आता खरी कसोटी. दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि ओढाओढ सुरू होते. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींजवळ सरकतात. शेवटी तारली, बांगडे, पेडवे असे चंदेरी मासे वाळूवर तडफडू लागतात.

एवढं जाळं एकट्यादुकट्याचं काम नव्हे. अनेक घरांची माणसं एकत्र येतात, मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. दोर ओढायला हात लावणाराही रिकाम्या हातांनी परतत नाही.

पण रापणीला वाट पाहावी लागते. मासे किनाऱ्याजवळ आले, तरच ती लागते. पर्ससीन नौका मात्र थवा शोधत समुद्रात जातात, त्याला जाळ्याने वेढतात आणि खालचा दोर ओढतात. बटव्याची नाडी ओढल्यासारखं जाळ्याचं तोंड बंद! थवा तिकडेच उचलला गेला, तर किनाऱ्यावर काय येणार? त्या नौकांवरही कित्येकांची चूल पेटते, हे खरं. म्हणूनच हा वाद सोपा नाही. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर बंधनं घातली, ती याच काळजीपोटी.

तेव्हा दोस्तांनो, मालवणला जाल तेव्हा किल्ला जरूर पाहा. पण पहाटे लवकर उठून किनाऱ्यावरही एक चक्कर मारा. रापण ओढत असतील, तर काका-मामांना विचारा आणि दोराला हात लावा. तळहात लाल होतील. पण त्या दिवशी ताटात पडलेला बांगडा किती हातांनी ओढून आणला, ते तुम्हांला कुणी सांगावं लागणार नाही!