हीटर गार का पडतो?

गाडीतला हीटर आपल्याकडे सहसा कोणी लावत नाही. थंडी वाजलीच तर काचा वर केल्या की भागते. त्यामुळे हीटर बिघडला तरी वर्षानुवर्षे कळत नाही. आम्हाला कळले ते थेट काश्मीरच्या वाटेवर, जानेवारीत, अम्मी आणि दोन लहान मुले गाडीत असताना.

बनिहालचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा ओलांडून गाडी काझीगुंडकडे उतरू लागली. तिथे २१ डिसेंबरपासून ४० दिवस ‘चिल्लई कलान’, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ असतो. हीटर पूर्ण लावला तरी आधी कोमट आणि मग गारच वारा येऊ लागला. अम्मीची बोटे बधिर झाली. ढाब्यावर थांबलो तेव्हा मालकाने मायेने कांगडी पुढे केली. वेताच्या टोपलीत बसवलेली निखाऱ्यांची ही मातीची शेगडी काश्मीरमध्ये घरोघरी असते. “ही गाडीत ठेवू आणि काचा लावून घेऊ,” अम्मी म्हणाली. शेजारच्या गॅरेजमधले वयस्कर उस्ताद तिथेच चहा घेत होते. त्यांनी लगेच अडवले. “अम्माजी, इथे बसून हवे तितके शेका, पण बंद गाडीत निखारे नकोत.”

त्यांचे म्हणणे मोलाचे होते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग ना वास. डोके दुखते, गुंगी येते आणि झोपेतच माणूस जातो. बर्फात अडकलेल्या गाडीचा धूर सोडणारा पाइप बुजला आणि इंजिन चालू राहिले, तर हाच वायू आत शिरतो. म्हणून अशा वेळी पाइपभोवतीचा बर्फ आधी काढावा आणि काच थोडी उघडी ठेवावी.

मग उस्तादांनी बॉनेट उघडले. मुळात कारच्या हीटरमध्ये वेगळा जाळ नसतो. इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणारे पाणी तापते. त्यातले थोडे डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून जाते आणि पंखा त्यावरून हवा आत ढकलतो. म्हणून हीटर गार पडला की काय तपासायचे, याचा क्रम ठरलेला आहे.

पहिले, कूलंट. इंजिन पूर्ण थंड असताना बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ती घटली की बऱ्याचदा आधी हीटर मंदावतो. उभ्या गाडीत गार आणि रेस केल्यावर गरम वारा येत असेल, तरी पहिला संशय इथेच घ्यावा. मात्र गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.

दुसरे, तापमानाचा काटा. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवूनही तो खालीच राहिला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा जागेवर नाहीच.

तिसरे, हीटरकडे जाणारे दोन पाइप. गाडी तापल्यावर इंजिन बंद करून त्यांना जपून हात लावावा. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर आतला छोटा रेडिएटर तुंबला आहे किंवा वाटेतला व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही गरम असतील, तर गरम-गार हवेची आतली झडप किंवा तिची केबल पाहावी.

चौथे, वारा. तो गरम पण मंद असेल, तर केबिन फिल्टर धुळीने भरलेला असतो किंवा पंखा कमजोर झालेला असतो.

आणि गाडीत गोडसर वास, काचेवर चिकट धुके किंवा पायाखाली ओल दिसली, तर छोटा रेडिएटर गळतो आहे. कूलंट विषारी असते. मुलांना त्यापासून दूर ठेवावे.

आमच्या गाडीत थर्मोस्टॅट नव्हताच! दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात इंजिन तापले, तेव्हा गावाकडच्या मेकॅनिकने तो काढून टाकला होता. “आपल्याकडे याची गरज नाही,” असे तो म्हणाला होता. कूलंटच्या जागी नळाचे पाणी भरले होते. त्याच्या गंजाने आणि क्षाराने हीटरचा छोटा रेडिएटर निम्मा तुंबला होता. “नुसते पाणी गोठले की फुगते. रात्रभर गाडी बाहेर राहिली असती तर इंजिनच तडकले असते,” उस्ताद म्हणाले. त्यांनी अनंतनागहून थर्मोस्टॅट मागवला, पाणी काढून पाइप धुतले आणि कूलंट भरले. रात्र तिथेच काढावी लागली, पण सकाळी अम्मीने स्वतःच हीटर कमी करायला सांगितला.

तेव्हा थंड मुलखात निघण्याआधी गॅरेजमध्ये तीन गोष्टी विचारा. थर्मोस्टॅट जागेवर आहे का? रेडिएटरमध्ये कूलंट आहे की नुसते पाणी? हीटर किती गरम होतो? शेवटचे उत्तर तिथेच, हीटर चालू करून स्वतः पाहा.