उरूस आणि संदल

‘उरूस’ हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ विवाह असा आहे. साधुपुरुषाचा देह पडला म्हणजे त्याच्या आत्म्याचें परमेश्वराशीं मीलन झालें, अशी सूफी पंथाची धारणा. म्हणून पुण्यतिथीस हें मंगल नांव. शब्द दूरदेशाहून आला. सोहळ्यांतील पुष्कळ गोष्टी मात्र इकडच्याच मातींतल्या आहेत. याचें उदाहरण पाहण्यास नागपूरकरांस लांब जावें लागत नाहीं. उमरेडच्या रस्त्यावर ताजाबाद आहे.

तेथें ताजुद्दीन बाबांची कबर आहे. बाबांचा जन्म १८६१ सालीं कामठीस झाला. तरुणपणीं त्यांनीं पलटणींत चाकरी केली. पुढें त्यांच्या विरक्त वागण्यास लोक वेड समजले व १८९२ सालीं त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळांत झाली. तेथेंहि दर्शनार्थ्यांची रीघ लागली. अखेर १९०८ सालीं राजे रघूजीराव भोसले यांनीं त्यांची सुटका करवून त्यांस आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यांत सन्मानानें ठेवलें. १९२५ च्या ऑगस्टांत बाबा निवर्तले.

संदल म्हणजे चंदन. संदलाच्या दिवशीं उगाळलेल्या चंदनाचें पात्र मस्तकावर घेऊन वाजतगाजत मिरवणूक निघते. तें चंदन कबरीस लावतात, चादर व फुलें वाहतात, ऊद जाळतात. हिंदु गृहिणीस यांतील कांहींच परकें वाटत नाहीं. गंध, फूल व धूप यांनींच ती घरच्या देवाची पूजा करते. म्हणून नवस फेडावयास आली असतां तिला नवा विधि शिकवावा लागत नाहीं.

येथें एक भेद ध्यानीं घ्यावा. कलमा, नमाज व कुराणाची अरबी वाणी मक्केंत तीच नागपुरांत. त्यांत मिश्रण नाहीं. आदर कसा दाखवावा, कृतज्ञता कशी व्यक्त करावी, सोयरीक कोणाशीं करावी, हें मात्र त्या त्या भूमीनें ठरविलें. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यानें औरंगजेबाच्या काळीं इस्लाम स्वीकारला व १७०२ सालीं नागपूर वसविलें. तरी त्याच्या घराण्यानें राजगोंडांशीं असलेली सोयरीक तोडली नाहीं. सतराव्या शतकांत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीं तर ‘योगसंग्राम’ हा अध्यात्मग्रंथ मराठींतच रचला.

या चालींवर आक्षेपहि आहेत. मृत्यूचें स्मरण व्हावें म्हणून कबरीचें दर्शन घेणें योग्य. परंतु मस्तक नमवावें व मागणें मागावें तें केवळ अल्लापाशीं, असें कित्येक उलेमा सांगतात. परक्यांच्या पिरास नवस कां, असें कित्येक हिंदूहि विचारतात. दोन्ही प्रश्न श्रद्धेनें विचारलेले असूं शकतात व त्यांची उत्तरें ज्यानें त्यानें आपल्या धर्मग्रंथांत शोधावीं. परंतु संदलाची मिरवणूक बंद पडली, तर धर्म न विचारतां शेजाऱ्यांनीं एकत्र उभें राहण्याची एक जागा नाहींशी होईल. तशी दुसरी जागा ठराव करून निर्माण करतां येत नाहीं. ही घडण्यास कित्येक पिढ्या लागल्या आहेत.